नाक वाहणाऱ्या नातवाआधी आजोबांचा खोकला बघा

पत्र (थोडक्यात): माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. जूनमध्ये बालवाडीत घातल्यापासून त्याला पाच वेळा सर्दी झाली. एक बरी होते न होते तोच दुसरी. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग हिरवा होतो. दोनदा तापही आला. आमचे डॉक्टर दरवेळी तापाचं औषध आणि नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब देऊन घरी पाठवतात. शेजारच्या मुलीला लगेच अँटिबायोटिक मिळतं आणि ती चार दिवसांत खडखडीत बरी होते. सासूबाई म्हणतात दही-केळं बंद कर, रोज धुरी दे, रात्री नाकात कोमट तेल सोड. मेडिकलवाल्याने प्रतिकारशक्ती वाढवणारं महागडं सिरप दिलंय. माझ्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे का? कुठली तपासणी करू? घरात सासऱ्यांनाही महिनाभर खोकला आहे, पण त्यांचा तो जुनाच. आयुष्य यंत्रमागावर गेलं, बिडी दोन वर्षांपूर्वी सुटली. शुगर आहे. मुलाला त्यांच्याकडून लागण होत असेल का?
— एक आई, इचलकरंजी

ताई,

तुमच्या पत्रात मुलाबद्दल पानभर मजकूर आहे आणि सासऱ्यांबद्दल शेवटी चार-पाच ओळी. मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या ओळींची. मुलाबद्दल सविस्तर सांगते, कारण झोप त्याने उडवली आहे. पण एक काम पुढचं वाचण्याआधीच ठरवून टाका: याच आठवड्यात सासऱ्यांच्या थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे. का, ते पुढे येईलच.

मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असं तुम्ही लिहिलेल्या एकाही गोष्टीवरून दिसत नाही. या वयाच्या मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होते, आणि बालवाडीच्या पहिल्या वर्षी हा आकडा दहा-बारापर्यंतही जातो. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. थंड देशांत फ्लूची लाट हिवाळ्यात येते, महाराष्ट्रात मोठी लाट पावसाळ्यात. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते, पाऊस आत येतो म्हणून वर्गाच्या खिडक्या लावलेल्या असतात आणि मुलं एकमेकांच्या तोंडावर खोकत असतात. आजवर आजीच्या मांडीवर वाढलेलं पोर त्या वर्गात पहिल्यांदा जातं. जून ते सप्टेंबर पाच सर्द्या हा अगदी अपेक्षित हिशोब आहे.

सर्दी ‘जातच नाही’ असं वाटतं, पण ती जाते. येते ती वेगळी असते. सर्दी करणाऱ्या विषाणूंमध्ये सगळ्यात मोठा गट रायनोव्हायरसचा. त्याचेच १६०हून जास्त प्रकार आहेत, आणि एका प्रकाराशी शरीराची ओळख झाली म्हणून दुसऱ्यापासून बचाव होतोच असं नाही. शिवाय आरएसव्ही, अडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि कोरोनाचे जुने, साधे प्रकार रांगेत आहेतच. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदाच सर्दी होते, कारण यातल्या बऱ्याच जणांशी त्याची गाठ आधीच पडलेली असते. तुमच्या मुलाच्या त्या ओळखी आता होत आहेत. दोन वर्षांनी तुम्हाला फरक दिसेल.

आता त्याच्या नाकात काय चाललंय ते बघू. मोठा माणूस दिवसाला साधारण दहा हजार लिटर हवा आत ओढतो. तिच्याबरोबर धूळ, बुरशीचे कण, जिवाणू, विषाणू सगळंच येतं. नाकातले दिसणारे केस मोठे कण अडवतात, पण मुख्य काम न दिसणाऱ्या केसांचं आहे. नाकापासून श्वासनलिकेच्या बारीक फांद्यांपर्यंत आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो, आणि त्याखाली एकेका पेशीवर दोनेकशे सूक्ष्म केस. सेकंदाला दहा-पंधरा वेळा ते एकाच दिशेने हलतात, वाऱ्याने ज्वारीचं रान एका अंगाला लवत जावं तसे. त्या हालचालीवर चिकट थर अडकलेल्या कचऱ्यासकट घशाकडे सरकत राहतो. आपण तो नकळत गिळतो आणि पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं. अंगात काहीही आजार नसताना, झोपेतसुद्धा हे काम चालूच असतं.

तो थर नुसता चिकट नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातला स्राव जिवाणू वाढवलेल्या बशीत टाकला, तेव्हा त्याच्या आसपासचे जिवाणू विरघळून गेले. हे त्याने १९२२ साली प्रसिद्ध केलं. त्या पदार्थाचं नाव लायसोझाइम. तो अश्रूंत आणि लाळेतही असतो. याच गृहस्थाची १९२८ची पेनिसिलिनची गोष्ट आपण शाळेत शिकतो, शेंबडाची मात्र कुणी शिकवत नाही. त्याच थरात आयजीए नावाची प्रतिपिंडंही असतात. ती ओळखीच्या जंतूला चिकटून त्याला पेशीला हात लावू देत नाहीत. अनोळखी विषाणूसाठी ती अजून तयार झालेली नसतात. लहान मुलांची अडचण एवढीच असते.

मग विषाणू शिरतो कसा? हवेतून तर शिरतोच, पण हातांवरूनही. एका मुलाने नाक पुसलं, त्याच हाताने ठोकळा उचलला, तुमच्या लेकाने तो ठोकळा घेतला आणि मग डोळा चोळला. विषाणू नाकाच्या मागच्या भागात पोहोचतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर त्याला बसेल अशी जागा शोधून आत घुसतो. नाकातलं तापमान ३३-३४ अंश असतं आणि रायनोव्हायरसला ते चांगलं मानवतं. म्हणून तो बहुतेक वेळा नाक-घशातच राहतो. लागण झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडते आणि शेजारच्या पेशी त्यामुळे विषाणूविरुद्ध तयार होतात. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांना हे प्रथम सापडलं. पुढे इंटरफेरॉन औषध म्हणून हिपॅटायटिसच्या रुग्णांना टोचायला लागले, तेव्हा फ्लूचा विषाणू अंगात नसतानाही त्या रुग्णांना ताप यायचा, अंग ठणकायचं, अगदी फ्लू झाल्यासारखं.

हे मुद्दाम सांगितलं. ताप, अंगदुखी, वाहणारं नाक, शिंका यांतलं बहुतेक सगळं शरीराचं स्वतःचं काम असतं. साध्या सर्दीत विषाणू नाकाच्या अस्तराचं फारसं नुकसान करतही नाही. ‘प्रतिकारशक्ती नाही म्हणून नाक वाहतं’ हे वाक्य त्यामुळे उलटं आहे.

हिरव्या शेंबडाचंही तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी तिथे जमतात. त्यांच्यात लोह असलेलं हिरवट रंगाचं एन्झाइम असतं, त्याचा तो रंग. नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत असं ठरवता येत नाही, आणि जिवाणू नसतील तर अँटिबायोटिकला काही कामच नाही. शेजारची मुलगी चार दिवसांत बरी होते, कारण सर्दीचा जोर तसाही चार-पाच दिवसांत ओसरतो. श्रेय गोळीला मिळतं. दरम्यान तिच्या घशात-आतड्यात राहणारे निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि उरतात ते औषधाला न जुमानणारे. तुमचे डॉक्टर तुम्हाला रिकाम्या हाती पाठवतात असं वाटत असेल, पण ते जे करतात त्याला हिंमत लागते. त्यांना सोडू नका.

खोकल्याबद्दल एक: नाक सात-दहा दिवसांत मोकळं होतं, पण खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. मुलगा खेळतो, खातो, हसतो आणि मधूनमधून खोकतो, तर तो खोकला दाबायच्या मागे लागू नका. साठलेला कफ वर आणायला तो मदत करतो.

मात्र काही वेळा गोष्ट छातीत उतरते, आणि ती कशी उतरते हे प्रत्येक आईला माहीत असायला हवं. न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकात गपचूप राहत असतो. झोपेत नाक-घशातला थोडा स्राव आपल्या सगळ्यांच्याच श्वासनलिकेत उतरतो. पण खाली ते हलणारे केस असतात, खोकला असतो, आणि फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांमध्ये, जिथे केस नाहीत, तिथे जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी फिरत असतात. तेवढ्याने भागतं. फ्लूचा विषाणू वेगळा वागतो. तो त्या केसवाल्या पेशीच मारतो, आणि नवीन पेशी तयार व्हायला काही आठवडे जातात. त्या काळात कचरा वर सरकत नाही आणि नाकातला जिवाणू खाली जाऊन ठाण मांडतो. १९१८च्या जून महिन्यात मुंबईच्या बंदरातून देशभर पसरलेल्या त्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जगभर जे मेले, त्यांतल्या बहुतेकांचा जीव फ्लूमागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घेतला. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतंच.

म्हणून ताप उतरून मूल दोन दिवस बरं राहिलं आणि पुन्हा जोराचा ताप चढला, तर त्याच दिवशी दाखवा. अँटिबायोटिकची खरी गरज बऱ्याचदा अशा वेळी असते.

आणि श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला ताप उतरवून, कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असतील तर ते जलद आहेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळासाठी ही मर्यादा ५० आहे. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपल्याकडे पोट उडणं म्हणतात, तर मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ओठ निळसर पडणं, पाणीही न पिणं, हाक मारली तरी डोळे न उघडणं, यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबायचं नाही.

आता सासूबाईंकडे येऊ. त्यांचा जीव नातवात आहे, म्हणून हे त्यांना मायेनेच सांगा. दह्याने आणि केळ्याने सर्दी होत नाही, विषाणूने होते. मुलगा आवडीने खात असेल तर खाऊ द्या. हळद-दूध, सूप, आल्याचं गरम पाणी याने घशाला बरं वाटतं, जरूर द्या. एक वर्षावरच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध खोकल्यावर चांगला लागू पडतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको.

धुरी मात्र बंद. ओव्याची असो, लसणाच्या सालांची असो की धुपाची, धूर तो धूरच. ज्या सूक्ष्म केसांबद्दल वर लिहिलं त्यांची हालचाल धुराने मंदावते. सर्दी झालेल्या मुलाला धुरी देणं म्हणजे त्याच्या नाकाचं चालू असलेलं काम थांबवणं. डासांच्या कॉइलचंही तेच. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. मच्छरदाणी लावा. इचलकरंजीत डास किती आहेत हे मला माहीत आहे, तरीही मच्छरदाणीच लावा.

नाकात तेल तर मुळीच नको, आणि याबाबतीत मी सासूबाईंशी भांडायलाही तयार आहे. पाणी श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो. तेलाने बहुधा लागत नाही. ते गुपचूप फुप्फुसात उतरतं, तिथून बाहेर निघत नाही आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. औषधांनी तो लवकर हटत नाही. नाक चोंदलं तर डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंबच घाला, झोपण्याआधी आणि खाण्याआधी. वाफ द्यायला गरम पाण्याचं पातेलं मुलासमोर ठेवू नका, त्याने भाजलेली मुलं दरवर्षी दवाखान्यात येतात.

सर्दी-खोकल्याची सिरपं घरात असतील तर टाकून द्या. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने लहान मुलं गेली, त्यानंतर ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलं: दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे त्यांची शिफारस नाही. भेसळ नसली तरी या वयात त्यांचा उपयोग नगण्य आहे. आणि ते ‘प्रतिकारशक्तीचं’ सिरप? बाटली उघडली नसेल तर परत करून बघा. त्या पैशांत महिनाभर रोज एक अंडं येईल.

प्रतिकारशक्तीच्या तपासण्या एवढ्यात करू नका. वर्षात दोन किंवा जास्त वेळा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग, खोल गळवं पुन्हापुन्हा, शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय न हटणारे आजार, वजन आणि उंची अडलेली, असं काही असेल तर बालरोगतज्ज्ञ स्वतःच तपासायला सांगतील. तुमचा मुलगा खातो का, वाढतो का, दोन सर्द्यांच्या मधले दिवस धिंगाणा घालतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर निश्चिंत राहा. रात्री-पहाटेच खोकला येतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो किंवा पळाल्यावर खोकल्याची उबळ येते असं असेल, तर प्रश्न वेगळा आहे. तो दम्याचा असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. झोपेत तोंड उघडं ठेवून घोरत असेल तर नाकामागच्या वाढलेल्या गाठी तपासून घ्या.

त्यापेक्षा त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस महाराष्ट्रात २०२१पासून सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तीन डोस. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत का तेही बघा, कारण गोवर शरीराने आधी कमावलेली प्रतिपिंडंसुद्धा पुसून टाकतो. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, ती दरवर्षी विकत घ्यावी लागते. जमत असेल तर पावसाळ्याआधी द्या.

आता सासरे. तुमच्या लेकाचं नाक वाहतं कारण त्याची यंत्रणा जोरात आहे. सासऱ्यांची झिजलेली आहे. वर्षानुवर्षं कापसाची धूळ आणि बिडीचा धूर गेल्यावर ते सूक्ष्म केस जागोजागी झडतात, त्यांच्या जागी चिकट स्राव करणाऱ्या पेशी वाढतात. कफ जास्त तयार होतो आणि वर सरकवणारं कुणी नसतं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर खोकून खोकून तो काढावा लागतो. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात. वयाबरोबर ठसक्याची संवेदना बोथट होते आणि झोपेत घशातला स्राव जास्त खाली जातो. अशा माणसाला न्यूमोनिया झाला तर ताप येईलच असंही नाही. ते जेवत नाहीत, गप्प पडून राहतात किंवा भलतंच काहीतरी बोलायला लागतात, एवढंच दिसतं. कोविडच्या काळातलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर आजच बघा. ९४च्या खाली दाखवलं तर थुंकीच्या तपासणीचीही वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

तुम्ही म्हणता खोकला जुनाच आहे. बिडी ओढणाऱ्याचा खोकला घरातल्यांच्या इतका अंगवळणी पडतो की तो बदलला तरी कळत नाही. गेल्या महिन्यात तो वाढलाय का? कफाचा रंग बदललाय का, रक्ताची रेघ दिसली का? संध्याकाळी कणकण, रात्री घाम, सैल झालेली पँट? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायची, हा नियम आहे. त्यांना मधुमेह आहे, आणि मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. क्षय नसेल तर चांगलंच. मग श्वास फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या. जुना धूर-धुळीचा आजार निघाला तर इनहेलरने त्यांचं जगणं पुष्कळ सुखाचं होईल. एक्स-रे यासाठीही हवा की इतकी वर्षं बिडी ओढलेल्या माणसात कर्करोग डोळ्याआड करून चालत नाही. हे सगळं निस्तरलं की त्यांना फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस द्या. बिडी सोडली हे त्यांनी फार मोठं काम केलंय, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

तुमचा शेवटचा प्रश्न: मुलाला त्यांच्यापासून लागण होत असेल का? या सर्द्यांची नाही. उलट नातूच शाळेतून विषाणू आणून आजोबांना देतोय, आणि नातवाला जे चार दिवस त्रास देतं ते आजोबांना दवाखान्यात नेऊ शकतं. नाक वाहत असताना आजोबांच्या ताटात जेवणं, त्यांच्या अंथरुणात झोपणं एवढं आठवडाभर थांबवा आणि शाळेतून आल्या-आल्या साबणाने हात धुवायला लावा. पण आजोबांना क्षय निघालाच तर उत्तर ‘हो’ असं होतं. अशा घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला तपासून, आजार नसला तरी प्रतिबंधक औषध देतात. घाबरायचं कारण नाही, पण उशीर नको.

थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला कफ डबीत द्यायचा. तोंडातली लाळ दिली तर तपासणी फुकट जाते, आणि नमुने बहुतेकदा तिथेच चुकतात. सासरे म्हणतील, मला काही झालेलं नाही. वाद घालू नका. पोराच्या सर्दीसाठी डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलंय म्हणा, माझं नाव पुढे करा. रिपोर्ट आला की लिहा.